दोन एमएमचा फरक

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या गणपतीत खानापूरकडच्या एका गावात आमच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता. ऐन रंगात माझ्या गिटारची पहिली तार तुटली. स्टँडवर दुसरी गिटार होतीच, ती गळ्यात अडकवली आणि अंतऱ्यातला एफ मेजर कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे सूर, धरला, तर दोन तारा मुक्याच. पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं बसेना. कीबोर्डवाल्यानं सावरून घेतलं. लोकांना कळलं नाही, पण गिटारच्या मानेपायी माझी मान खाली गेली.

दुसऱ्या दिवशी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर असणारा मित्र वर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, घेऊन घरी आला. पहिल्या फ्रेटजवळ, म्हणजे मानेवरच्या पहिल्या आडव्या धातूच्या पट्टीजवळ, एका गिटारच्या नेकची, म्हणजे मानेची, जाडी साडेवीस एमएम भरली, दुसरीची साडेबावीस. तो म्हणाला, "दोन एमएम? आमच्यात एवढ्यावर अख्खा जॉब, म्हणजे घडवलेला भाग, भंगारात जातोय की!"

आपल्या सगळ्या गिटारींचे नेक सारखे असावेत की वेगवेगळे, हा गिटारवाल्यांचा जुना वाद. आणि फरक जाडीत असतो तसा लांबीतही असतो. फेंडर स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारचं स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, साडेपंचवीस इंच, गिब्सन लेस पॉलचं पावणेपंचवीस. पहिल्या फ्रेटला तो फरक जेमतेम एक एमएम, पण बाराव्या फ्रेटपर्यंत जाताना साडेनऊ एमएम होतो. डोळे मिटून सोलो वाजवणाऱ्याला तो बरोबर सापडतो. फिंगरबोर्डची, म्हणजे बोटं टेकतात त्या पट्टीची, गोलाईही वेगळी. जुन्या फेंडरची सव्वासात इंच त्रिज्येची, म्हणजे जास्त गोल, कॉर्डला सुखाची. पण ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, कमी ठेवून सूर चढवायला तार आडवी ओढली की ती पुढच्या फ्रेटला टेकून आवाज मरतो. गिब्सनची बारा इंची, सपाटीकडे झुकलेली. क्लासिकल गिटार तर साफ सपाट, शिवाय नटजवळ, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीजवळ, बावन्न एमएम रुंद.

मग सगळं सारखंच घ्यावं का? मला तसं वाटत नाही. पातळ नेकवर अंगठा नकळत जोर लावतो आणि तासाभरात मनगट भरून येतं. जाड नेक तळहात भरतो, रिदम वाजवताना हात निवांत राहतो. क्लासिकल घेतली की बोटं आपोआप लांब पडतात आणि इलेक्ट्रिकवर कधी न सुचलेली जागा सुचते. हात दहा मिनिटांत रुळतो. अडचण एवढीच, की स्टेजवर ती दहा मिनिटं कुणी देत नाही.

आणि आपल्या बेळगावच्या पावसात एकच गिटार तरी कुठे सारखी राहते? आषाढात लाकूड ओल धरतं, नेकचा बाक बदलतो, तारा वर उचलल्यासारख्या होतात. मार्चमध्ये लोण्यासारखी वाजणारी गिटार जुलैत हट्टी होते. नेकच्या आत बाक सांभाळणारी सळई असते, त्या ट्रस रॉडला पाव फेरा द्यावा, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघावं. एकदम पिळू नका, रॉड तुटला तर खर्च मोठा. चकचकीत पॉलिशचा नेक घामानं अंगठ्याला चिकटतो, म्हणून मी माझ्या नेकच्या पाठीवर हजार नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हातानं फिरवला. महागड्या गिटारवर मात्र हा प्रयोग माझ्या भरवशावर करू नका.

यंदाच्या गणपतीसाठी दोन्ही गिटारी एकाच मापाच्या घेतल्यात, वर्नियर लावून. दुकानदार बघतच राहिला. ती साडेबावीसवाली घरी आहे. रात्री जेवण झालं की हात तिच्याकडेच जातो.