खजुरीची झाडं परत करताना

श्रोतेहो, नमस्कार आणि आदाब.

आपल्या कोकणात 'भाऊबंद' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात पुढचा शब्द आपोआप उमटतो : भाऊबंदकी. सामायिक विहीर, गडग्यावरचा फणस, सातबाऱ्यावर तीन पिढ्यांची नावं आणि एकाच घरात मध्ये भिंत घालून मांडलेल्या दोन चुली. श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंत हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून इस्लाम माणसांना भाऊ म्हणतो असं नुसतं सांगितलं, तर कोकणातला माणूस मनात म्हणेल, कुठला भाऊ? कोर्टातला की घरातला?

तेव्हा आज आपण हे भाऊपण हिशेबासकट पाहू.

कुरआनात सूरह अल-हुजुरात नावाचं छोटं प्रकरण आहे, फक्त अठरा आयतींचं, म्हणजे वचनांचं. त्यातली दहावी आयत म्हणते, श्रद्धावंत हे एकमेकांचे भाऊ आहेत, म्हणून आपल्या भावांमध्ये समेट करा. तेरावी आयत मात्र श्रद्धावंतांना हाक मारत नाही. ती म्हणते, लोकहो! आम्ही तुम्हाला एका पुरुषापासून आणि एका स्त्रीपासून निर्माण केलं, तुमची कुळं आणि जमाती केल्या त्या एकमेकांची ओळख पटावी म्हणून. तुमच्यात अल्लाहजवळ अधिक मानाचा तो, जो अधिक तकवा बाळगतो. तकवा म्हणजे अल्लाहची जाणीव ठेवून वाईटापासून दूर राहणं. पुन्हा सांगतो. दहावी आयत श्रद्धावंतांसाठी, तेरावी सगळ्या माणसांसाठी. व्याख्यानांतून या दोन्हींची सरमिसळ होते, आणि मग ऐकणाऱ्याला वाटतं की समता फक्त आपल्या मोहल्ल्यापुरती आहे. तशी ती नाही. इ.स. ६३२ मधल्या अखेरच्या हजच्या वेळी प्रेषित मुहंमदांनी हेच उघड शब्दांत सांगितलं : अरबाला अरबेतरावर नाही, अरबेतराला अरबावर नाही, गोऱ्याला काळ्यावर नाही, काळ्याला गोऱ्यावर नाही. श्रेष्ठपण असेल तर ते तकव्याचं.

आता मदीनेला जाऊ. इ.स. ६२२. मक्केतून घरदार सोडून आलेले ते मुहाजिर, आणि मदीनेत त्यांना आसरा देणारे ते अन्सार. प्रेषितांनी एकेका मुहाजिराची एकेका अन्साराशी जोडी लावली. याला म्हणतात मुआखात, भाऊ करणं. सुरुवातीला हे नातं इतकं पक्कं होतं की जोडीतला एक वारला तर दुसरा त्याचा वारस व्हायचा. पुढे बद्रच्या लढाईनंतर वारसा पुन्हा रक्ताच्या नात्याकडे गेला.

या जोड्यांपैकी एक होती सअद बिन रबीअ आणि अब्दुर्रहमान बिन औफ यांची. सअद म्हणाले, माझी निम्मी मालमत्ता तुझी. अब्दुर्रहमान म्हणाले, अल्लाह तुझ्या मालात बरकत देवो, मला बाजार कुठे आहे ते दाखव. बाजारात जाऊन त्यांनी वाळवलेलं दही आणि तूप यांचा व्यापार सुरू केला. सअद हे नाव लक्षात ठेवा, शेवटी ते पुन्हा येणार आहे.

पण मुख्य प्रश्न होता झाडांचा. मदीना म्हणजे खजुरीच्या बागा. मक्का म्हणजे खडकाळ, बिनपिकाचं खोरं, तिथली माणसं व्यापारी. खजुरीचं काम आपल्या माडापेक्षा वेगळं असतं. माडाच्या एकाच पोयीवर नर आणि मादी दोन्ही फुलं येतात. खजुरीत नर झाड निराळं, मादी निराळं. नराच्या तुऱ्याच्या काड्या काढून, मादी झाडावर चढून तिच्या फुलोऱ्यात हाताने खोवाव्या लागतात. ते नीट झालं नाही तर फळ धरत नाही, धरलं तर बारीक आणि बिनबियांचं राहतं. हे काम मक्केच्या व्यापाऱ्याला कुठलं येणार?

अन्सार प्रेषितांकडे गेले आणि म्हणाले, आमच्या बागा आमच्यात आणि या भावांत वाटून द्या. प्रेषित म्हणाले, नाही. मग ठरलं असं की झाडं अन्सारांची, कष्टांत मुहाजिरांचा हात, आणि दर वर्षीचं फळ निम्मं निम्मं. आपल्याकडे याला अर्धेल म्हणतात. फरक एवढाच की आपल्या खोतीत अर्ध्यावर खोत कुळाला राबवायचा, आणि इथे मालकच अर्धं फळ घेऊन दारात उभा. 

काही अन्सारांनी झाडांचं फळ नुसतं खायला म्हणूनही दिलं. झाड माझं, या झाडाचं फळ तू खा. अनस बिन मालिक हा दहा वर्षांचा मुलगा प्रेषितांच्या सेवेला लागला होता. त्याची आई उम्मे सुलैम. तिने आपली काही खजुरीची झाडं अशीच प्रेषितांना दिली. प्रेषितांनी स्वतःसाठी ठेवली नाहीत, ती दिली उम्मे ऐमन यांना.

या उम्मे ऐमन कोण? नाव बरका. वंशाने हबशी. प्रेषितांच्या वडिलांच्या घरातली गुलाम स्त्री. प्रेषित सहा वर्षांचे असताना त्यांची आई आमिना प्रवासात अबवा या ठिकाणी वारली, तेव्हा त्या पोरक्या मुलाला मक्केला परत घेऊन आली ती हीच बरका. पुढे ती गुलामीतून मोकळी झाली. प्रेषित तिला आई म्हणायचे.

सहा वर्षं गेली. इ.स. ६२८ मध्ये मदीनेच्या उत्तरेचं खैबर हे बागायती गाव जिंकलं गेलं, मुहाजिरांच्या हाती स्वतःचं उत्पन्न आलं. आणि मग, श्रोतेहो, मुहाजिरांनी अन्सारांची झाडं परत केली. दिलेलं होतं ते परत केलं. कोकणात तोंडी दिलेलं झाड तोंडी परत आल्याचं उदाहरण कुणाला आठवत असेल तर त्या घराला सलाम करायला हवा.

अनस तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे. ते स्वतः सांगतात : घरच्यांनी मला प्रेषितांकडे पाठवलं, आपली झाडं मागून आण म्हणून. प्रेषितांनी ती देऊनही टाकली. एवढ्यात उम्मे ऐमन आल्या. त्यांनी अनसच्या गळ्यात कापड टाकलं, त्याला धरलं आणि म्हणाल्या, अल्लाहची शपथ, ही तुला मिळायची नाहीत, ती मला दिलेली आहेत!

गैरसमज कुठे झाला होता? त्यांना वाटलं होतं की झाडंच कायमची दिली. खरं तर दिलं होतं ते फळ. आपल्याकडचे निम्मे तंटे याच एका गोष्टीवरून आहेत : आंब्याचं कलम दिलं की आंबे दिले? देताना कुणी नीट बोलत नाही, आणि देणारा वारला की पोरं भांडतात.

आता पाहा. समोर मदीनेचा प्रमुख आहे. खैबरहून विजयी होऊन आलेला. त्याच्या एका शब्दावर विषय मिटला असता. समोर एक वयस्क, काळी, एके काळची गुलाम बाई, आणि हिशेबाने तिची चूक आहे. प्रेषित म्हणाले, उम्मे ऐमन, सोड त्याला, तुला इतकं देतो. त्या म्हणाल्या, नाही, शपथ घेते. प्रेषित म्हणाले, बरं, इतकं घे. नाही! बरं, आणखी इतकं. नाही! असं करत करत ते वाढवत गेले, अनस सांगतात, दहापट किंवा जवळपास दहापट होईपर्यंत. तेव्हा त्यांनी अनसला सोडलं.

अनसच्या आईला तिची झाडं मिळाली, कारण ती तिची होती. उम्मे ऐमनला दहापट मिळालं, कारण तिचं मन मोडायचं नव्हतं. आणि जे गेलं ते देणाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून गेलं. हदीसच्या, म्हणजे प्रेषितांच्या उक्ती आणि कृतींच्या नोंदींच्या, ग्रंथांत ही हकीकत इतक्याच साधेपणाने नोंदलेली आहे. प्रेषितांच्या निधनानंतर अबू बक्र आणि उमर हे पहिले दोन खलिफा, दोघे मिळून या उम्मे ऐमनच्या घरी भेटीला जायचे, कारण प्रेषित जायचे.

गोष्टीने वेळ घेतला, पण ती घेण्यासारखी आहे. आता रोजच्या व्यवहाराकडे.

नमाजची रांग, म्हणजे सफ. ती इमामाच्या मागे मधोमध सुरू होते आणि दोन्ही बाजूंना वाढते. पहिली भरल्याशिवाय दुसरी धरायची नाही. खांद्याला खांदा, मध्ये फट नाही. रांग जुळवायची ती टाचांनी, बोटांनी नाही, कारण पावलं लहानमोठी असतात. बोटं जुळवली की खांदे पुढेमागे होतात आणि सगळी रांग वाकडी. चूक आणखी एक होते. कुणीतरी रुमाल टाकून जागा धरतो, किंवा जमातीच्या मोठ्या माणसासाठी पहिल्या सफेत जागा राखली जाते. बसलेल्याला उठवून त्याच्या जागी बसू नये, असं हदीसमध्ये स्पष्ट आहे. जो आधी आला त्याची जागा, मग तो मासेमारी करणारा दालदी असो, रिक्षावाला असो की बोटीचा मालक.

आणि मशिदीबाहेर? महाड आपलंच. २० मार्च १९२७ला चवदार तळ्याचं पाणी घेऊन परतणाऱ्या माणसांवर हल्ला झाला, तेव्हा त्यांतल्या काहींना आसरा मिळाला तो मुसलमानांच्या घरांत. त्याच वर्षी डिसेंबरात डॉ. आंबेडकरांच्या सत्याग्रह परिषदेला गावात कुणी जागा देईना, तेव्हा जागा दिली ती फत्तेखान यांनी. तेरावी आयत कोकणात अशीही वाचली गेली.

आता फितरा, म्हणजे रमजान ईदला गरिबांना द्यायचं दान. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई या धर्मशास्त्र-परंपरेचे, त्यामुळे आपल्याकडे फितरा माणशी एक सा, रोजच्या खाण्यातल्या धान्याचा. आपलं धान्य तांदूळ. सा म्हणजे चार मुद्द, एक मुद्द म्हणजे मध्यम हातांची भरलेली ओंजळ. आपली पायली जशी मापाची असते, वजनाची नाही, तसंच हे. म्हणून वजन तांदळाप्रमाणे बदलतं, आणि अडीच ते तीन किलो सांगितलं जातं. तीन धरा, चूक होणार नाही. घरात पाच माणसं, पंधरा किलो. रमजानच्या शेवटच्या दिवशी सूर्य मावळण्याआधी जन्मलेल्या बाळाचाही फितरा आहे, नंतर जन्मलेल्याचा नाही. ईदच्या नमाजला निघण्याआधी तो पोचलेला असावा, म्हणजे घेणाऱ्याची चूल त्याच दिवशी पेटते. आणि घरात खातो तोच तांदूळ द्यायचा. स्वतः कोलम खायचा आणि फितऱ्यात पोरकिडे पडलेली कणी द्यायची, हे चालत नाही.

फितऱ्याची खरी खुबी पुढेच आहे. जकातीला, म्हणजे संपत्तीवरच्या वार्षिक दानाला, निसाब लागतो, म्हणजे ठरावीक संपत्ती. फितऱ्याला तसा निसाब नाही. ईदचा दिवस आणि रात्र यांना पुरून ज्याच्याकडे शिल्लक उरतं, तो प्रत्येक जण देणारा. म्हणजे फितरा घेणारी मोलकरीण स्वतःही दुसऱ्या कुणाला तरी फितरा देणारी असू शकते.

शेवटी सअद. मी नाव लक्षात ठेवायला सांगितलं होतं. निम्मी मालमत्ता देऊ करणारे सअद बिन रबीअ इ.स. ६२५ मध्ये उहुदच्या लढाईत मारले गेले. मागे पत्नी आणि दोन मुली. आणि सअदच्या भावाने सगळी मालमत्ता ताब्यात घेतली. सगळी! पत्नी दोन्ही मुलींना घेऊन प्रेषितांकडे आली. म्हणाली, या सअदच्या मुली, चुलत्याने यांच्यासाठी काही ठेवलं नाही, पैशावाचून यांची लग्नं कशी होणार? प्रेषित म्हणाले, याचा निर्णय अल्लाह देईल. त्यानंतर वारशाच्या आयती उतरल्या, सूरह अन-निसामधल्या. प्रेषितांनी चुलत्याला बोलावून घेतलं.

आपल्याकडे बहिणीची सही घेऊन हक्कसोड करून टाकतात, साडीचोळी देऊन. ईदला आणि गणपतीला माहेरी यायचं असेल तर सही कर, असं न बोलता सांगितलं जातं. हे हिंदूंत आहे आणि मुसलमानांतही आहे, आणि दोघांनीही थांबवायला हवं.

तर हिशेब असा झाला. बाग चोवीस गुंठ्यांची आहे असं समजा. दोन मुलींना मिळून दोन तृतीयांश, म्हणजे सोळा गुंठे, एकीला आठ, दुसरीला आठ. पत्नीला एक अष्टमांश, म्हणजे तीन गुंठे. सोळा आणि तीन, एकोणीस. आणि चोवीसातून एकोणीस गेले की राहिले पाच, ते सअदच्या भावाला.