पेशवे दप्तराचं कुलूप

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्याच्या पेशवे दप्तरात, म्हणजे पेशवाईतल्या सरकारी कागदपत्रांच्या संग्रहात, मोडी कागदांचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, ठेवलेले आहेत. इंग्रजांनी ते जपले, पण इतिहासाच्या प्रेमापोटी नव्हे. कुणाची इनामी जमीन खरी आणि कुणाची खोटी, हे ठरवायला इनाम कमिशनला पुरावा हवा होता. ते काम संपलं, तरी अभ्यासकांना मात्र कितीतरी वर्षं आत जवळजवळ मज्जावच होता.

1919 साली हिंदुस्थान सरकारनं ऐतिहासिक अभिलेख आयोग नेमला. त्याच्या हाती अधिकार कसला, तर जुन्या सरकारी कागदपत्रांबाबत सल्ला देण्याचा. हुकूम सोडायची सोयच नव्हती! पण यदुनाथ सरकारांसारखे इतिहासकार त्यात होते. बैठका वेगवेगळ्या शहरांत भरत. 1925 मध्ये एक पुण्यातही भरली. बैठकांचं इतिवृत्त छापून निघायचं, आणि मला वाटतं, खरी मेख तिथंच आहे. एकट्यादुकट्या अभ्यासकाचा अर्ज साहेब बासनात गुंडाळून ठेवू शकतो. सरकारनंच नेमलेल्या मंडळाचं म्हणणं छापून आलं, की ते तितकं सहज टाळता येत नाही.

पुढे मुंबई सरकारनं दप्तर निवडीसाठी खुलं केलं. यदुनाथांचे स्नेही ‘मराठी रियासत’ लिहिणारे रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई कामाला बसले आणि 1930 ते 1934 या काळात निवडक कागदांचे 45 खंड बाहेर पडले. मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यास त्यांच्यावाचून आज पुढे सरकत नाही. अर्थात सगळं श्रेय आयोगाच्या पदरात टाकणं बरोबर नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी आणि भारत इतिहास संशोधक मंडळानं अस्सल कागदांची भूक आधीच जागवली होती.

आता पाठीशी कायदा आहे. 1993 च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यानं केंद्रात अभिलेख सल्लागार मंडळ आलं. 1892 पूर्वीचा सरकारी कागद, अगदी कामातून गेलेला असल्याखेरीज, नष्ट करता येत नाही. नियम मोडून कागद नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. महाराष्ट्रानंही 2005 मध्ये स्वतःचा कायदा केला.

हे सगळं झालं, तरी रुमाल सोडल्यावर आतलं वाचणार कोण? मोडी जाणणारी माणसं मोजकीच आहेत. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं. आपल्यापैकी तरुण मंडळींनी तिथं जरूर चौकशी करावी.

नमस्कार.