घरकुलाच्या स्लॅबवर तराई कोण करणार? कॉलेजच्या पोरापोरींसाठी

(ओलं पोतं कॅमेऱ्यासमोर धरून)

हे बारदान्याचं पोतं. किराणा दुकानातून मागून आणलेलं. आजचा व्हिडिओ ह्या पोत्याबद्दल आहे.

नमस्कार, मी नागपुरातून बोलतेय. कॉलेजातली बरीच पोरं-पोरी मला विचारतात, गरिबाच्या घरकुलासाठी श्रमदान करायचं आहे, सुरुवात कुठून करू? माझं उत्तर पक्कं आहे. विटा उचलण्यापासून नको, तराईपासून करा.

तराई म्हणजे काय? सिमेंटचं काम झाल्यावर ते काही दिवस सतत ओलं ठेवायचं. सिमेंट वाळून घट्ट होतं असं आपल्याला वाटतं, पण तसं नाही. ते पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं आणि ही क्रिया दिवसेंदिवस चालू असते. पाणी उडून गेलं की ती तिथंच थांबते. वरून स्लॅब टणक दिसतो, आतून कच्चा राहतो.

किती दिवस ओलं ठेवायचं, हे काँक्रीटच्या कामासाठीच्या भारतीय मानक 456 मध्ये दिलंय. साध्या सिमेंटला किमान 7 दिवस, कोरडी आणि गरम हवा असेल तर 10. आपल्याकडे जास्त करून पीपीसी, म्हणजे पोर्टलँड पोझोलाना सिमेंट, विकलं जातं. त्यात औष्णिक केंद्राची राख असते, आपल्या कोराडी-खापरखेड्याला निघते तसली. अशा सिमेंटला गरम हवेत 14 दिवस पाणी द्यावं. आणि नागपूरचा मे महिना म्हणजे काय, हे नागपूरकराला मी सांगायला नको. पारा 45 वर असताना दुपारी बाराला मारलेलं पाणी एकला दिसत नाही. म्हणून ही पोती. स्लॅबवर सिमेंट-रेतीच्या मसाल्याचे छोटे बांध घालून क्यारे करायचे, त्यात पाणी भरायचं. कॉलमला पोती गुंडाळायची आणि ती भिजती ठेवायची.

मी हे शिकले ते एका चुकीतून. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत स्लॅब टाकायचा होता, आम्ही वीस जण गेलो. गिट्टी-रेतीची घमेली हातोहात वर पोचवली, संध्याकाळपर्यंत स्लॅब झाला. बॅनर धरून फोटो काढला आणि घरी आलो. पाच दिवसांनी पुन्हा गेलो, तर स्लॅबवर केसासारख्या भेगा. उन्हाळ्यात तळ्याचा गाळ तडकतो तशा. मिस्त्रीकाका एवढंच म्हणाले, "स्लॅब टाकाले वीस जण आले बाप्पा, तराईले एकही नाही?"

घरच्या काकू काहीच बोलल्या नाहीत. त्या चार घरची धुणीभांडी करायला सकाळी सातला निघायच्या. त्यांचे मिस्टर, काका, ठिय्यावर जायचे, म्हणजे मजूर कामाची वाट बघत उभे राहतात त्या चौकात, आणि काम मिळेल तिथं. नळ यायचा पहाटे तासभर. सकाळी निघताना आणि रात्री आल्यावर त्या पाणी मारायच्या, पण मधले बारा तास स्लॅब उन्हात कोरडा. त्यांनी मजुरी बुडवून घरी बसायचं होतं का? जुलैत त्या भेगांतून पाणी गळलं. आजही तो स्लॅब डोळ्यांसमोर आला की मला वाईट वाटतं, कारण आम्ही तिथं होतो आणि आम्हाला मोकळा वेळही होता.

आता पैशाचं बघा. पंतप्रधान आवास योजना, शहरी, 25 जून 2015 ला सुरू झाली. स्वतःच्या जागेवर स्वतः घर बांधणाऱ्या कुटुंबाला त्यात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, असे महाराष्ट्रात अडीच लाख मिळायचे. सप्टेंबर 2024 पासून तिचा दुसरा टप्पा चालू आहे. पैसे एकदम हातात येत नाहीत. काम एका टप्प्याला आलं की जागेच्या नोंदीसह फोटो चढतो, मग पुढचा हप्ता. म्हणजे हप्ता येईपर्यंत कुटुंब उसनवारीवर असतं. त्यात भेगा पडल्या, वॉटरप्रूफिंग करावं लागलं, तर तो खर्च ह्या अडीच लाखांत कुठंच बसत नाही. पाण्याच्या चार बादल्यांनी वाचणारा खर्च आहे तो.

हिशेब करू या. एनएसएसमध्ये, म्हणजे कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेत, वर्षाला 120 तास काम अपेक्षित असतं. तराईची एक फेरी वीस मिनिटांची धरा, दिवसाला तीन फेऱ्या म्हणजे एक तास. चौदा दिवसांचे चौदा तास. एका विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या तासांत आठ स्लॅब व्यवस्थित भिजतात. आठ! आणि हे मी एकट्याचं सांगतेय. वस्तीजवळच्या कॉलेजातले दहा जण लेक्चरच्या मधल्या वेळात पाळी लावून गेले, तर एका गल्लीतला एकही स्लॅब कोरडा राहणार नाही.

विटा का नको म्हणते? कारण तो रोजगार आहे. काका ज्या ठिय्यावर उभे राहतात, तिथले मिस्त्री आणि रेजा, म्हणजे बांधकामावरच्या मजूर बाया, त्याच कामावर घर चालवतात. आपण फुकटात ते काम केलं तर एका गरिबाचं घर बांधताना दुसऱ्याची चूल विझवतो. तराईला मात्र कोणी मजूर लावत नाही, कारण परवडत नाही. ती जागा रिकामी आहे, तिथं उभं राहा.

अजून एक रिकामी जागा म्हणजे कागद. नागपुरातल्या बऱ्याच वस्त्या महापालिकेच्या, नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यास) नाहीतर नझूलच्या, म्हणजे सरकारी, जमिनीवर आहेत. मालकी पट्टा हातात नसेल तर घरकुल मिळणं अवघड. मग आधारवर एक नाव, बँकेत दुसरं, पट्ट्यावर तिसरंच. काकूंसोबत रांगेत उभं राहणारं, फॉर्म वाचून दाखवणारं कोणीतरी लागतं. फक्त ओटीपी आणि पासबुक त्यांच्याच हातात राहू द्या, ते आपण मागायचंही नाही.

जाताना मिस्त्रीला विचारून जा. सेंट्रिंगखाली, म्हणजे स्लॅबला दिलेल्या टेकू-फळ्यांखाली, शिरू नका, कठडा नसलेल्या स्लॅबच्या कडेला जाऊ नका. ओल्या सिमेंटला उघड्या हातापायांनी शिवू नका, कातडी जळते. दुपारच्या फेरीला डोक्याला दुपट्टा आणि जवळ पाण्याची बाटली हवीच. गरगरलं तर तडक सावलीत.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही त्याच वस्तीत परत गेलो. ह्या वेळी स्लॅब टाकायला नाही, दुसऱ्या एका घराचा टाकून झाल्यावर. भिंतीवर खडूनं तारीख लिहिली आणि रोज एक रेघ मारत गेलो. कोणाची परीक्षा असली की दुसरा जायचा. शेजारच्या आजी त्यांच्या ड्रममधलं पाणी द्यायच्या. चौदाव्या रेघेच्या दिवशी त्या घरच्या काकांनी झाडूनं क्यारे मोडले, स्लॅबवर हात फिरवला आणि आम्हाला चहा पाजला. पोती आम्ही झटकली, दोरीवर वाळवली. मागच्या गल्लीत सेंट्रिंग लागली होती, तिथं नेऊन दिली.