पडवीतली खुंटी

नमस्कार, श्रोतेहो. कोकणात शेतसंरक्षणाची बंदूक कशाला लागते हे तुम्हाला सांगायला नको. वानरं, रानडुकरं. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, तेही ठाऊक आहे. माझं विचाराल तर नुकसानीचे पंचनामे वेळेवर होऊन भरपाई हातात पडली, तर निम्म्या बंदुका लागणारच नाहीत. असो.

आमच्या काकांची ठासणीची बंदूक अशीच जमा झाली. थोरला मुलगा अपघातात जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. काका बोलेनासे झाले होते. ताट तसंच राही. रात्री-अपरात्री उठून पडवीत बसत. निकाल लागला, वाडीतले सगळे आपापल्या बंदुका घेऊन आले. काकीने मात्र ठाण्याची पावती तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवली. काका शोधत राहिले. काकी एवढंच म्हणाली, "थंयच ऱ्हवांदे ती." भिंतीवर बंदुकीच्या लांबीचा फिकट पट्टा उरला होता. त्यावरच्या खुंटीला तिने सुपाऱ्यांची झोळी अडकवली.

पुढे भाच्याने काकांना मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या. दिवाळीच्या सुमारास काका पुन्हा बागेत दिसू लागले. मला म्हणाले, "एका रात्री उठून खुंटीला हात घातला होता गो. हाताला झोळी लागली."

बंदूक घरात नव्हती. पुन्हा सांगते, त्या रात्री बंदूक घरात नव्हती.

१९५९ च्या शस्त्र कायद्यात मन ठिकाणावर नसलेल्याला परवाना नाकारता येतो, दिलेला रद्दही करता येतो. पण २०१९ च्या दुरुस्तीपासून परवाना ५ वर्षांचा झाला. दुःख मधल्या कुठल्याही दिवशी येतं. त्या दिवशी विचारणार कोण? घरच्यांनी नुसतं तोंडी सांगितलं तरी ठाण्याने बंदूक ठेवून घ्यावी, आणि माणूस सावरला की परत द्यावी. परवाना कायमचा जाणार म्हटलं की घरचे गप्पच बसतात.

काकीही गप्प बसली. तोंड उघडलं तर काकांवर केस होईल, ही तिची भीती. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की जीव द्यायला निघालेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं. त्याला शिक्षा नाही, उपचार द्यायचे. शिक्षा नाही, उपचार. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

घरात असं कुणी असेल तर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. नंबर लिहून घ्या: १४४१६. एक, चार, चार, एक, सहा.