अंजिरावरची खवले कीड: आधी नखाने तपासा, मग फवारा

नमस्कार मंडळी! बडोद्याहून, दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवरून.

(फांदी कॅमेऱ्याजवळ धरत) फांदीवरचे हे तपकिरी फुगवटे बघा. बरेच जण म्हणतात, "अहो, ही तर साल आहे." अंजिराच्या सालीवर मुळातच ठिपके असतात, त्यामुळे घोटाळा होतो. नखाने हळूच टोकरून बघा. फुगवटा निघालाच नाही तर ती साल. सुटला आणि बोटाला ओलं लागलं, तर जिवंत खवले कीड, म्हणजे कवचाखाली बसून झाडाचा रस शोषणारी कीड. कोरडा भुगा पडला तर कीड मेलेली आहे. ही परीक्षा फवारणीनंतरही करायची, कारण मेलेले खवले कितीतरी दिवस फांदीला तसेच चिकटून राहतात. ते बघून लोक उगाच पुन्हा पुन्हा औषध मारतात आणि झाडाचे हाल होतात.

आता पानं बघा. चिकट आहेत, वर काजळीसारखी काळी बुरशी आहे, खोडावर मुंग्यांची रांग आहे? मग ही मऊ कवचाची जात. तिच्या गोड चिकट स्रावासाठी मुंग्या येतात आणि तिला खाणाऱ्या मित्रकीटकांना हुसकावून लावतात. म्हणून मुंग्यांची वाट आधी बंद करा. खोडाभोवती कागदाची पट्टी गुंडाळून तिच्यावर चिकट पदार्थ लावा. थेट सालीवर लावू नका. चिकटपणा नाही, पण फांद्या सुकत चालल्यात, तर कडक कवचाची जात.

मोठ्या किडीच्या कवचातून फवारा आत जात नाही. ती जुन्या टूथब्रशने, साबणाच्या पाण्याने घासून काढायची. फारच भरलेली फांदी कापून टाका. हातमोजे घाला, अंजिराच्या चिकाने कातडीची आग होते.

फवारणी खरी लागू पडते ती पिल्लांवर. अंड्यातून निघालेली पिल्लं थोडे दिवस उघडी फिरतात, मग एका जागी बसून कवच धरतात. ती कधी निघतात हे कळायला फांदीला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप गुंडाळा. तिच्यावर पिवळसर-केशरी कण दिसले, की त्याच संध्याकाळी लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा सौम्य साबण घोळून फवारा. कपड्यांची पावडर नको, पानं करपतात. पानांची खालची बाजू सोडू नका. आठ-दहा दिवसांनी पुन्हा फवारा.

आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा तेल मारू नका. तांबेऱ्यासाठी (पानांवरच्या बुरशीच्या रोगासाठी) गंधक वापरलं असेल, तर तेलाआधी तीन-चार आठवडे जाऊ द्या. थंडीत पानं गळून फांद्या उघड्या पडतात. घासायला, छाटायला तोच काळ उत्तम.

मुळाशी ओतायची, झाडाच्या अंगात भिनणारी औषधं मला घरच्या अंजिराला अजिबात पसंत नाहीत. हे फळ आपण सालीसकट खातो, मुलांच्या हातात देतो.

आणि फवारण्याआधी काळे चकचकीत ढालकिडे (लेडीबर्ड, म्हणजे खवले खाणारे मित्रकीटक) आहेत का ते बघा. काहींच्या अळ्या पांढऱ्या, पिंजारलेल्या असतात, थेट पिठ्या ढेकणासारख्या (मिलीबग या पांढऱ्या किडीसारख्या) दिसतात. पण त्या भराभर चालतात आणि खवलेच खातात. त्या दिसल्या तर त्या फांदीला हात लावू नका.