कोठ्या भरायच्या दिवसांत

नमस्कार. जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतल्या माझ्या मायबहिणींनो, आणि हाताला काम नि कानाला रेडिओ लावून बसलेल्या भावांनो, आज आपण घरखर्चाबद्दल बोलू या.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते. महागाई वाढली की बऱ्याच घरांत पहिली कात्री बाईच्या ताटाला लागते. दूध पोरांना, भाजी म्हाताऱ्यांना आणि कामावर जाणाऱ्यांना; तिच्या वाट्याला चटणी-भाकरी. आणि वर सगळे म्हणतात, फार काटकसरी आहे हो. मी याला काटकसर म्हणायला तयार नाही. अंगातलं रक्त कमी झालं, चक्कर यायला लागली, की वाचवलेले पैसे दवाखान्यात मोजावे लागतात आणि त्रास तिचा तीच भोगते. तेव्हा डाळ, भाजी, शेंगदाणे, दूध यांना हात लावायचा नाही. मी जे सांगणार आहे ते ताटात यायच्या आधी वाया जातं त्याबद्दल. कोठीत किडतं, डब्यात खवट होतं, शेगडीवर उगीच जळतं, त्याबद्दल.

आणि हे सांगायला आत्तासारखे दिवस नाहीत. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली आहे. नवी दादर ज्वारी, नवा गहू बाजारात आहे. नवं धान्य येतं तेव्हा भाव सहसा नरम असतो, आणि श्रावणात सणवार सुरू झाले की चढतो. हातात एकदम पैसे नसतील तर वर्षाचं नको, चार महिन्यांचं भरा. तेवढ्यानंही फरक पडतो. पण भरलेलं टिकलं तरच. पाऊस पडल्यावर कोठीचं झाकण उघडलं आणि सोंडे वर चढताना दिसले, की स्वस्तात घेतलेला गहू महागात पडलेला असतो.

टिकवायचं कसं? आपल्या खान्देशाकडे यासाठी एक मोठं फुकटचं भांडवल आहे, ते म्हणजे ऊन. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, आपण त्याला नावं ठेवतो. पण कोकणातल्या बाईला विचारा, तिला धान्य वाळवायला असं कोरडं ऊन किती दिवस मिळतं. किडीला लागतो ओलावा. दाण्यात ओल १२ टक्क्यांच्या खाली गेली की कीड फारशी वाढत नाही. घरी मोजायचं यंत्र नसतं, पण दात असतात. दाणा दाताखाली धरा. कट्कन तुटला तर वाळला. चेपला, दबला, तर अजून दोन उन्हं द्या.

इथे एक चूक फार ठिकाणी होते. धान्य दिवसभर उन्हात तापतं आणि संध्याकाळी घाईघाईनं गरम-गरमच कोठीत भरलं जातं. वर घट्ट झाकण. आत ती ऊब राहते, रात्री पत्रा गार पडला की आतल्या अंगाला घाम सुटतो आणि ते पाणी वरच्या थरात उतरतं. एवढं वाळवून शेवटी ओल आपणच आत कोंडली. म्हणून उन्हातून उचललेलं धान्य सावलीत पसरा, रात्रभर पूर्ण निवू द्या, मग भरा. कोठी, पिंप जे असेल ते आधी धुऊन उन्हात कोरडं करा. मागच्या वर्षीचा चुरा, भुसा कोपऱ्यात राहिला असेल तर जुन्या किडीची अंडी त्यातच असतात. पोतं असेल तर ते जमिनीवर नको, लाकडी फळीवर ठेवा, आणि भिंतीला टेकवू नका, मध्ये हातभर जागा सोडा.

कडुनिंबाचा पाला आपण घालतोच. तो सावलीत अगदी कोरडा वाळवून घाला. ओला पाला घातला तर आपण होऊन ओल दिली. पाला मदत करतो, पण मुळात दाणा ओला असेल तर नुसत्या पाल्यानं काही होत नाही.

आता मी जे सांगते ते नीट ऐका. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या दुकानात मिळतात, त्यांना हवेतली ओल लागली की फॉस्फीन नावाचा वायू निघतो. तो माणूस मारतो. बंद खोलीत, जिथे लेकरं झोपतात, तिथे कोठीत अशी गोळी टाकणं म्हणजे सगळ्या घराचा जीव धोक्यात घालणं. त्या गोळ्या मोठ्या गोदामांसाठी आणि शिकलेल्या माणसांच्या हातांसाठी आहेत. घरात आणू नका, शेजारणीनं दिली तरी घेऊ नका. पाऱ्याच्या गोळ्याही नकोत, पारा हे विषच आहे. चार शेर गहू किडला तर किडू द्या.

मूग, मटकी, हरभरा, चवळी यांचं दुखणं वेगळं. त्यांना लागणारा भुंगेरा बरेचदा शेतातूनच येतो. शेंगेवर, दाण्यावर अंडी आधीच असतात, आपल्याला दिसत नाहीत, आणि महिना-दोन महिन्यांनी दाण्याला गोल भोकं पडलेली दिसतात. म्हणून अख्खं कडधान्य वर्षभर ठेवण्यापेक्षा त्याची डाळ करून ठेवली तर जास्त टिकते. अख्खं ठेवायचंच असेल तर उन्हाचाच उपयोग करा. गच्चीवर काळा प्लास्टिकचा कागद अंथरा, त्यावर कडधान्याचा पातळ थर द्या, वरून पारदर्शक प्लास्टिक घालून कडा विटांनी दाबा, आणि भर दुपारचे चार-पाच तास तसंच राहू द्या. आत इतकी धग साचते की अळी, अंडी दोन्ही मरतात. फक्त पेरायचं बियाणं यात टाकू नका, त्याची उगवण जाऊ शकते. घरात फ्रीज असेल तर किलो-दोन किलोची पिशवी आठवडाभर बर्फाच्या कप्प्यात ठेवूनही तेच होतं. मग दाण्याला किलोमागे एक लहान चमचा गोडंतेल हातानं चोळा. तेलाच्या थरावर भुंगेऱ्याची अंडी जगत नाहीत. आपल्या आज्या तुरीच्या डाळीला एरंडेल लावायच्या ते याचसाठी. शिजवताना धुऊन घेतलं की झालं.

मिरचीचंही सांगते. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळताना तुम्ही पाहिली असेल. घरी आणलेली मिरची परत एकदा उन्हात कडक करा, आणि वर्षाचं तिखट एकदम कांडू नका. अख्खी मिरची जास्त टिकते, तिखटाचा रंग नि वास लवकर उडतो. तीन-चार महिन्यांचं कांडा, थोडं मीठ मिसळा, हिंगाचे खडे घाला, आणि बरणी खिडकीपासून लांब अंधारात ठेवा. शेंगदाण्याचंही तसंच. कूट करून महिनाभर ठेवलं की खवट होतं, म्हणून दाणे अख्खे ठेवा आणि आठवड्यापुरतंच कूट करा. बुरशी धरलेली मिरची किंवा दाणा मात्र निवडून फेकूनच द्या. त्या बुरशीचं विष धुऊन, भाजून जात नाही. तिथे जीव थोडा होऊ देऊ नका.

बिबडे, पापड, कुरडया तर तुम्ही माझ्यापेक्षा चांगल्या करता, त्यावर मी काय बोलू. फक्त डाळीचे वडे थोडे जास्त घाला एवढंच म्हणेन. पावसाळ्यात भाजीचे भाव चढतात, पालेभाजी चिखलानं भरलेली येते, तेव्हा मूठभर वड्यांची रस्साभाजी नि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी असली की चार माणसांचं जेवण होतं, आणि डाळीचं पोषण पोटात जातं. गवार, मेथी स्वस्त मिळाली की वाळवून ठेवा. मेथी सावलीत वाळवा म्हणजे हिरवी राहते. वर जुन्या सुती लुगड्याचा पदर टाका, धूळ नि माशा बसणार नाहीत. कांदा भरायचा तर उन्हाळी कांदा भरा. तो चार-पाच महिने राहतो, पावसाळी लाल कांदा राहत नाही. हवा खेळेल असा पसरा आणि बटाट्यांशेजारी ठेवू नका.

आता शेगडीकडे वळू. घरच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो किती दिवस पुरतो हे आपल्या हातात बरंच आहे. नवा सिलिंडर लावाल त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरात तारीख लिहा. दोन-तीन सिलिंडरांच्या तारखा समोर आल्या की तुमचं तुम्हालाच कळेल. ज्योत निळी हवी. पिवळी होत असेल, भांड्याचं बूड काळं होत असेल, तर बर्नरची भोकं बुजली आहेत. गार झाल्यावर बर्नर काढून घासा, भोकं तारेनं मोकळी करा. कुकरला पहिली शिट्टी झाली की आच कमी करा. शिट्ट्या जास्त झाल्या म्हणून डाळ लवकर शिजत नाही, वाफ बाहेर जाते एवढंच. तुरीची डाळ अर्धा तास आधी भिजवा, अख्खं कडधान्य रात्रीच. भात, वरण, बटाटे एकाच कुकरमध्ये एकावर एक लावा.

एक तक्रार आपल्याकडे नेहमीची आहे: "डाळ शिजतच नाही, दुकानदारानं जुनी दिली." कधी ती जुनी असते. पण बरेचदा दोष पाण्याचा असतो. आपल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात क्षार फार. जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीचा दाणा आवळून धरतं आणि डाळ टणक राहते. याला औषध आपल्या पत्र्यावर पडतं. पहिल्या एक-दोन सरींनी पत्रे धुऊन जाऊ द्या, मग पन्हाळीखाली स्वच्छ पिंप ठेवा, तोंडाला कापड बांधा. पावसाच्या पाण्यात क्षार नसतात. ते उकळूनच डाळ शिजवायची असल्यामुळे स्वयंपाकाला चालतं, आणि कपडे धुवायला तर फारच छान, थोड्या साबणात भरपूर फेस येतो. झाकून ठेवा मात्र, डास होऊ देऊ नका.

तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवणं ही बचत नाही. तळायचं तर लहान, खोलगट कढईत तळा, तेल कमी लागतं. उरलेलं गाळा, ताज्या तेलात मिसळू नका, आणि दोन-चार दिवसांत फोडणीत संपवा. काळं झालं, फेसाळलं, धूर लवकर यायला लागला, तर टाकून द्या. शिळ्याचंही हेच. भाकरीचा कुटका, पोळीचा कुस्करा कोणाला आवडत नाही? पण आपल्या उन्हाळ्यात वरण-भात तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहिला तर त्यात वाढलेले काही जंतू पुन्हा गरम करूनही निरुपद्रवी होत नाहीत. म्हणून उरवून सांभाळण्यापेक्षा मोजून शिजवा. रात्रीच्या भाताचं माप संध्याकाळी घरच्यांना विचारून घ्या.

साबणाचं छोटंसं. नवी वडी आणली की कागद काढून हवेशीर जागी महिनाभर सुकू द्या, ती घट्ट होते आणि जास्त दिवस जाते. साबणदाणीला खाली भोकं हवीत. पंखा बदलायची वेळ आली असेल तर कमी विजेचा घ्या. जुना पंखा ७५ वॅटचा, तो १४ तास फिरला की एक युनिट होतं. बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास चालतो, म्हणजे खर्च निम्म्याहूनही कमी. किंमत जास्त आहे, म्हणून आधी जो सगळ्यात जास्त तास फिरतो तोच बदला. आणि कूलर लावला की खिडकी थोडी उघडी ठेवा, बंद खोलीत तो नुसती चिकचिक करतो.

राहता राहिलं दुकान. पाकिटावरची मोठी किंमत पाहून आपण ठरवतो, आणि तिथेच फसतो. एक लिटर तेल वजनात साधारण ९१० ग्रॅम भरतं. पण त्याच आकाराची दिसणारी ८५० ग्रॅमचीही पाकिटं असतात. समजा, ९१० ग्रॅमचं १५८ रुपयांना आहे आणि ८५० ग्रॅमचं १५० रुपयांना. हात १५०कडे जातो. हिशेब केला तर १०० ग्रॅमला पहिलं पडतं १७ रुपये ३६ पैसे आणि दुसरं १७ रुपये ६५ पैसे. स्वस्त दिसलेलं महाग निघालं. आता हा हिशेब डोक्यात करायची गरज नाही. पाकिटावर एका ग्रॅमला, मिलिलिटरला किंवा किलोला किती रुपये पडतात ते छापणं बंधनकारक आहे. एमआरपीच्या आसपासच असतं. चहा, साबणाची पावडर, बिस्किटं, सगळ्यांवर पाहा. मोठं पाकीट नेहमी स्वस्त असतंच असं नाही, हेही तिथे कळतं. अक्षर फार बारीक असतं, तेव्हा पुढच्या खेपेला किराण्याला निघताना पिशवीत चष्मा टाका, नाहीतर शाळेत जाणाऱ्या पोराला सोबत न्या आणि त्याच्याकडून वाचून घ्या.

नमस्कार.