तुला बरं नाही का?

(टोरोंटो परिसरातील मराठी मंडळाच्या पाडवा मेळाव्यात केलेले भाषण, संकेतस्थळासाठी किंचित संपादित)

अध्यक्ष महोदय, कार्यकारिणीचे सदस्य, रेशमी साडीवर जाड जाकीट आणि पायांत बर्फाचे बूट अशा आपल्या पारंपरिक पाडव्याच्या वेशात आलेल्या मैत्रिणींनो, आणि त्यांच्या यजमानांनो, सर्वांना नमस्कार आणि नववर्षाच्या शुभेच्छा.

समितीने मला 'वसंताचे स्वागत' असा विषय दिला होता. मी आनंदाने होकार दिला आणि पळस, पांगारा, आंब्याचा मोहोर, कडुनिंबाचा फुलोरा असे सारे शब्द वहीत लिहूनही ठेवले. परंतु मागच्या शनिवारी घरी एक प्रसंग घडला आणि ती वही जी मिटली, ती आजतागायत उघडलेली नाही.

प्रसंग अगदी लहान आहे. सकाळचे अकरा वाजले होते. आमच्या घराला मागच्या बाजूस, दक्षिणेकडे, काचेचे सरकते दार आहे. डिसेंबरमध्ये सूर्य खाली असतो, तेव्हा या दारातून आलेले ऊन थेट सोफ्यापर्यंत पोहोचते, पण त्यात ऊब अशी नसते. मार्चमध्ये सूर्य वर चढतो, तसतसा जमिनीवरचा तो उन्हाचा तुकडा दाराकडे मागे सरकतो, लहान होतो, मात्र पायाला लागतो. त्या तुकड्यात पाय सोडून मी चहाचा कप घेऊन जमिनीवर बसले. मांडीवर भाजी नव्हती, हातात फोन नव्हता, कपड्यांचे मशीनही लावलेले नव्हते. माझी नऊ वर्षांची मुलगी जिना उतरत होती. ती मधल्याच पायरीवर थांबली, माझ्याकडे नीट पाहिले आणि म्हणाली, "आई, तुला बरं नाही का?"

"बरी आहे गं," मी म्हणाले. तिचा विश्वास बसला नाही. तिने जवळ येऊन, मी तिच्या कपाळाला लावते तसा, तळहात उलटा करून माझ्या कपाळाला लावला. ताप नव्हता. मग तिने तिच्या मोठ्या भावाला वरच्या मजल्यावर हाक मारून सांगितले की आई नुसती बसली आहे. त्यावर तो तेरा वर्षांचा मुलगा, जो जेवणाच्या पाच हाका झाल्याशिवाय खोलीबाहेर येत नाही, तो स्वतःहून खाली आला.

मी हसले. दिवसभर मैत्रिणींना हा किस्सा सांगितला आणि त्याही हसल्या. रात्री मात्र झोप लागेना.

मला असे वाटत होते की माझी मुलगी एका सुखी बाईच्या घरात वाढते आहे, आणि वसंत ऋतूच्या सुरुवातीला तर ही बाई फारच सुखी असते. तुम्हांला ठाऊकच आहे की आपल्याकडे वसंत उजेडाने येत नसे. साताऱ्यात वर्षाचा सर्वांत लहान दिवस अकरा तासांचा आणि सर्वांत मोठा तेरा तासांहून थोडासाच अधिक, त्यामुळे दिवेलागणीची वेळ बदलते याकडे लहानपणी कोणाचे लक्षही गेले नाही. टोरोंटोत हाच दिवस नऊ तासांहून कमी येथपासून जवळजवळ साडेपंधरा तासांपर्यंत ताणला जातो, आणि मार्चमध्ये तो रोज सुमारे तीन मिनिटांनी वाढत असतो. आठ तारखेला आपण घड्याळे एक तास पुढे केली. तो तास नेमका कोठे जातो, हे शास्त्रज्ञांनी शोधावे. आमच्या घरी तो माझ्या झोपेतून जातो, कारण मुलांचे डबे पुन्हा अंधारात भरावे लागतात. पण संध्याकाळी सात वाजून गेल्यावरही ओट्यावर उजेड असतो, कणीक मळताना कुंपणावर रॉबिन पक्षी बसलेला दिसतो, आणि कुकर लावताना दिवा लावावा लागत नाही, एवढ्यावर मी खूश असते. आता हे सुख सांगायचे तरी कोणाला? "आज कुकर लावताना दिवा लावला नाही" अशी बातमी देण्यासाठी फोन केला, तर पलीकडचा माणूस पुढचे वाक्य ऐकण्यासाठी थांबून राहील.

अशी माझी बरीच सुखे आहेत. नोव्हेंबरपासून दाराशी बुटांखाली मिठाचा पांढरा थर साचतो आणि पुसायचे फडके पांढरे निघते. मार्चमध्ये एक दिवस ते फडके काळे निघते, म्हणजे चिखल सुरू झाला, म्हणजे जमीन सुटली. कोणत्याही पंचांगापेक्षा मी त्या फडक्यावर अधिक विश्वास ठेवते. कढीपत्त्याबद्दल तर या सभागृहात वेगळे सांगायला नको. येथे आपण एकमेकांच्या सासूबाईंच्या आधी एकमेकांच्या कढीपत्त्याची प्रकृती विचारतो. आमच्या कढीपत्त्याने हिवाळाभर एकेक पान टाकले आणि फेब्रुवारीत कुंडीत नुसती काटकी उरली. गेल्या रविवारी त्या काटकीच्या टोकाला मोहरीएवढा पोपटी ठिपका दिसला. मी नवऱ्याला हाक मारून तो दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "असेल."

कपडे वाळत घालण्याची गोष्ट सांगताना मला माझीच लाज वाटते. आमच्या वसाहतीत बाहेर दोरी बांधायला मनाई आहे, असे मी या मंडळातल्या किमान दहा जणींना ठणकावून सांगितलेले आहे. गेल्या वर्षी एका शेजारणीने मला सांगितले की ऑन्टारिओ सरकारने आमच्यासारख्या घरांवरची ही बंदी नियम करून २००८ सालीच उठवली. आम्ही या घरात राहायला आलो २०१४ साली. म्हणजे इतकी वर्षे मला अडवत होता तो माझा आळस, आणि मी नाव घेत होते कायद्याचे. त्या दहा जणींची येथे जाहीर माफी मागते. या महिन्यात बाहेर चार-पाच अंशच तापमान होते, पण वारा कोरडा होता, म्हणून मी आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी दोरीवर टाकली. संध्याकाळी ती आत आणली तेव्हा हाताला थंड लागत होती, आणि तरीही तिच्यात नाक खुपसल्यावर उन्हाचा वास येत होता. मी तेथेच, ओट्याशी उभी राहून, बराच वेळ तो वास घेतला.

आणि तरीही मुलीने विचारले की तुला बरं नाही का.

तेव्हा मी रात्री पडल्या पडल्या हिशेब मांडला. कणीक मळताना रॉबिन, फरशी पुसताना चिखल, कुंडीला पाणी घालताना ठिपका, गोधडी आत आणताना वास. माझे एकही सुख असे नाही की ज्याच्या हातात काम नाही. मुलीने मला आनंदात शेकडो वेळा पाहिले असेल, पण तिला दिसली ती फरशी पुसणारी बाई. दोष तिच्या डोळ्यांचा नाही.

मग मला आमची साताऱ्याची गच्ची आठवली. कुरडयांचा गहू तीन दिवस भिजायचा, चीक शिजायचा, आणि तो परातीत येण्याच्या आधीच आम्ही वाट्या घेऊन रांगेत उभे असायचो. ते तुम्हांला सांगायला नको. सोऱ्या दाबून दाबून आईचे तळहात लाल व्हायचे. पण मला आठवली ती त्यानंतरची दुपार. वाळवणाची राखण हे खरे तर आम्हां मुलांचे काम होते. काठीला काळे फडके बांधून आम्हांला वर पाठवले जायचे आणि आम्ही दहा मिनिटांत कंटाळून पत्त्यांचा डाव मांडायचो. चार वाजले की आई वर यायची आणि म्हणायची, "जा, खेळा खाली. मी बघते." आम्हांला वाटायचे, आई किती कष्ट करते, आमचे कामही अंगावर घेते. ती जिन्याच्या खोलीच्या सावलीत पाठ टेकून बसायची, पावले उन्हात, समोर अजिंक्यतारा. एकदा चेंडू आणायला मी मध्येच वर गेले, तेव्हा दोन कावळे अगदी निवांतपणे पापड्या उचलत होते आणि आई त्यांच्याकडे पाहत असूनही काठी उचलत नव्हती. मला पाहताच तिने काठी आपटली आणि "हाड्" म्हणून ओरडली. त्या वेळी मला वाटले की तिला डुलकी लागली असावी.

मागच्या रविवारी मी तिला फोन करून विचारले, "आई, वाळवण राखताना तुला काय वाटायचं गं?" ती आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. ती म्हणाली, "वाटायचंय काय? कावळे यायचे." मग थोडे थांबून म्हणाली, "तेवढा वेळ कोणी हाक मारायचं नाही." आणि लगेच विचारले, "का गं, तुला बरं नाही का?"

मित्रहो, आता थोडे रागावते. आज पाडवा आहे म्हणून सहन करावे.

आपल्या मंडळात आईवर कविता वाचण्याची मोठी हौस आहे. मी गेली बारा वर्षे त्या ऐकते आहे. त्या सगळ्यांत आई झिजते. कधी चंदनासारखी झिजते, कधी वातीसारखी जळते, चुलीच्या धुराने तिचे डोळे भरतात, आणि येथे ज्यांच्या घरी विजेची शेगडी आणि वर धूर ओढणारा पंखा आहे, तेही त्या ओळीला हुंदका देतात. आई दुपारी पाय पसरून बसली होती आणि मजेत होती, एवढीच हकीकत असलेली एकही कविता आपल्या व्यासपीठावर आलेली मला आठवत नाही. तशी कोणी वाचलीच, तर आपण पुढच्या कडव्यात तिला काय झाले याची वाट पाहू. माझ्या लेकीसारखे, नुसत्या बसलेल्या आईच्या कपाळाला हात लावून ताप पाहणारे आपणही आहोत.

आणि आपले हे मेळावे? या क्षणी मागच्या स्वयंपाकघरात सातजणी पुऱ्या तळत आहेत. हे भाषण त्यांच्याविषयी आहे आणि त्यांना ते ऐकू येत नाही. शेवटी सव्वानऊ वाजता 'भगिनीवर्गाचे' आभार मानले जातील, तेव्हा त्या पातेली घासत असतील. मी यातून स्वतःला वगळत नाही. तीन वर्षांपूर्वी चैत्रातल्या हळदीकुंकवाची जबाबदारी माझ्याकडे होती, तेव्हा आंब्याची डाळ आणि पन्हे यांसाठी मी एका आठवड्यात अकरा निरोप पाठवले होते आणि एकीने "या वर्षी मी नुसतीच येते" असे कळवले, तर मी तिच्यावर उन्हाळाभर नाराज होते. ती आज समोर बसली आहे. नुसतीच आली आहे. मी तिचा हेवा करते.

आमच्या घरी यावरून वादही झाला. मी नवऱ्याला हे सगळे सांगितले, तेव्हा ते अत्यंत प्रामाणिकपणे म्हणाले, "मग बस की. कोण नको म्हणतंय?" कोणीच नको म्हणत नाही, हे खरे आहे. माझ्या आईलाही कोणी नको म्हणत नव्हते. म्हणूनच तर त्या वाक्यावर मला उत्तर सापडले नाही आणि उत्तर न सापडल्यामुळे मी दोन दिवस अबोला धरला, जो फारसा कोणाच्या लक्षात आला नाही. ते आज तिसऱ्या रांगेत बसलेले आहेत. कार्यक्रम सुरू झाल्यापासून बसलेले आहेत, आणि त्यांना बरे नाही का, असे कोणीही विचारलेले नाही.

मला काळजी वाटते ती माझी नाही. कामाच्या आडून सुख चोरण्याची ती चोरी मला अंगवळणी पडली आहे, आणि खरे सांगायचे तर त्यात थोडी गंमतही आहे. कावळ्यांना दोन पापड्या दिल्या म्हणजे अर्धा तास मिळतो, हा सौदा वाईट नव्हता. पण माझ्या मुलीने अजिंक्यतारा पाहणारी आजी पाहिलेली नाही, तिने फक्त मला पाहिले आहे. ती काय शिकली असेल, हे मला कळत नव्हते. ते काल थोडेसे कळले.

काल मुलांच्या मार्च ब्रेकचा शेवटचा दिवस होता आणि दिवसरात्र समान होण्याचाही. मी रजा घेतली होती. ऊन छान पडले होते. मी ठरवून, घरात जाहीर करून, चहा घेऊन दाराशी बसले. मुलगी आली. या वेळी तिने काही विचारले नाही. उन्हाचा तुकडा दोघींना पुरेल एवढा होता. ती त्याच्याकडे जरा वेळ पाहत उभी राहिली, मग वर गेली आणि धुतलेल्या कपड्यांची टोपली दोन्ही हातांनी पोटाशी धरून खाली घेऊन आली. "मी इथे बसून मोजे जुळवते," ती म्हणाली आणि पाय उन्हात सोडून माझ्या शेजारी बसली.

मी तिला म्हणणार होते की मोजे राहू दे, नुसती बस. पण तोवर माझ्याही हातात एक निळा मोजा आलेला होता, आणि मी टोपलीत त्याचा जोडीदार शोधू लागले होते.